पबटेटर ३ : मेंदूच्या विकारांचे बायोमार्कर शोधायला कितपत कामाचं?

गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज), आयपीएचबीत (मानसोपचार संस्था) किंवा ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात मेंदूच्या विकारावर थीसिस घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मार्कर (म्हणजे बायोमार्कर, विकाराचा सुगावा देणारी शरीरातली मोजण्याजोगी गोष्ट) कुठला घ्यायचा? गाईड सांगतात, "लिटरेचर बघून या." पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीत साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. 'अल्झायमर' आणि 'बायोमार्कर' हे दोनच शब्द टाकले तरी थीसिसची मुदत संपेपर्यंत पुरेल एवढं वाचन समोर येतं. मग बहुतेक जण मागच्या बॅचच्या थीसिसमधला मार्कर उचलतात आणि विकार बदलतात. हे टाळायचं असेल तर वाचनाची पहिली फेरी यंत्राकडून करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी सध्या सगळ्यात जास्त वापरण्याजोगं साधन म्हणजे पबटेटर ३.

अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनमधल्या एनसीबीआयचं हे काम. पहिली आवृत्ती २०१३ ची, २०१९ मध्ये 'पबटेटर सेंट्रल' आलं आणि २०२४ मध्ये तिसरी आवृत्ती जाहीर झाली. पैसे नाहीत, खातं उघडायला नको, ब्राउझर पुरतो. आमचं मत आधीच सांगून टाकतो. कुठल्या विकाराबरोबर कुठल्या जनुकाचं किंवा प्रथिनाचं नाव येतंय हे काढायला फुकटात याहून बरं काही नाही. त्या कामाला पाचपैकी साडेचार. बायोमार्कर निवडायला मात्र पाचपैकी अडीच. हे दोन आकडे इतके वेगळे का, हे कळल्याशिवाय साधन हातात घेऊ नये.

पबटेटर नेमकं काय करतं? पबमेडचे सुमारे ३.६ कोटी सारांश आणि पबमेड सेंट्रलच्या खुल्या भागातले सुमारे ६० लाख पूर्ण लेख वाचून ते त्यात सहा प्रकारच्या गोष्टींवर खुणा करतं: जनुक वा प्रथिन, जनुकातले बदल, विकार, रसायनं, प्रजाती आणि पेशीरेषा. प्रत्येक खुणेला ठरलेला क्रमांक मिळतो. अल्झायमर कुठल्याही नावाने लिहिलेला असो, त्याचा मेश (वैद्यकीय विषयांची ठरलेली शब्दसूची) क्रमांक डी०००५४४. जीएफएपी हे प्रथिन माणसाचं असेल तर एनसीबीआय जीन क्रमांक २६७०, उंदराचं असेल तर १४५८०. एवढ्यावरच न थांबता दोन गोष्टींमधलं नातंही ते बारा प्रकारांत बसवतं: संबंध, कारण, वाढीशी निगडित, घटीशी निगडित, उपचार, प्रतिबंध वगैरे. सगळं मिळून १०० कोटींहून जास्त खुणा, आणि दर आठवड्याला भर.

शोधचौकटीत विकाराचं नाव टाइप करायला लागलं की खाली सूचना येतात. त्यातली 'ॲट' चिन्हाने सुरू होणारी सूचना निवडायची, नाहीतर तो साधा शब्दशोध होतो आणि पबमेडपेक्षा वेगळं काही हाती लागत नाही. नवखे नेमके इथेच फसतात आणि "यात काय विशेष?" म्हणून टॅब बंद करतात. दोन गोष्टी 'अँड'ने जोडल्या की ज्या पेपरमध्ये त्यांचं नातं सापडलंय ते वर येतात आणि नुसते एकत्र उल्लेख असलेले खाली जातात. ही क्रमवारी खरोखर चांगली आहे. पबमेडच्या क्रमवारीत तिसऱ्या पानावर गाडलेला पेपर इथे बऱ्याचदा पहिल्या दहात दिसतो.

आता नात्यांवर किती विसंबायचं? ती काढणाऱ्या 'बायोरेक्स' या मॉडेलचा 'बायोरेड' या तपासलेल्या ६०० सारांशांच्या संचावरचा एफ-गुण ७९.६ टक्के आहे. या क्षेत्रात हा आकडा उत्तम समजला जातो. व्यवहारात त्याचा ढोबळ अर्थ असा की दाखवलेल्या पाच नात्यांतलं एक चुकीचं असू शकतं, आणि खऱ्या पाचांतलं एक सुटूही शकतं. चाळीस पेपरांनी सांगितलेलं नातं यात तगतं. एकाच पेपरवर उभं असलेलं नातं मात्र तो पेपर उघडून पाहिल्याशिवाय धरू नये.

एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी

मानसोपचारवाल्यांचं आवडतं प्रथिन बीडीएनएफ घ्या. नैराश्याबरोबर ते टाकलं की पेपरांचा ढीग येतो आणि वाटतं, काम झालं. त्या ढिगात किमान तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र पडलेल्या असतात. पहिली, रुग्णाच्या रक्तातली बीडीएनएफची पातळी. दुसरी, बीडीएनएफ जनुकातला व्हॅल६६मेट हा बदल, म्हणजे आरएस६२६५. तिसरी, उंदरा-घुशींच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागात) मोजलेली बीडीएनएफची निर्मिती. तुमच्या ओपीडीतल्या रुग्णाच्या नमुन्याशी यातल्या फक्त पहिलीचा थेट संबंध.

इथे पबटेटरची एक बाजू जमेची आहे. जनुकातल्या बदलांना तो वेगळी खूण करतो, त्यामुळे आरएस६२६५ असलेले पेपर बाजूला काढता येतात. प्रजातीची खूणही असते, म्हणून घुशींचे पेपर बऱ्यापैकी वगळता येतात. बऱ्यापैकी म्हणायचं कारण सारांशात प्रजाती लिहिलेलीच नसेल तर जनुक माणसाच्या खात्यावर जमा होण्याचा धोका राहतो. पण पहिल्या गठ्ठ्याच्या आतली फूट त्याला दिसत नाही. रक्त गोठताना प्लेटलेट्स त्यांच्यातलं बीडीएनएफ सोडतात, म्हणून सीरममधली (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातली) पातळी प्लाझ्मातल्या (न गोठू दिलेल्या रक्ताच्या द्रवातल्या) पातळीपेक्षा कितीतरी पटीने जास्त येते. नमुना किती वेळ गोठू दिला, किती वेगाने फिरवला, यावरही आकडा हलतो. सीरमवाला पेपर आणि प्लाझ्मावाला पेपर एकाच नात्याखाली मोजणं चूकच, आणि पबटेटरच्या खुणांत 'सीरम' किंवा 'प्लाझ्मा' हा प्रकारच नाही.

अल्झायमरमध्ये हाच दोष आणखी महागात पडतो. या विकारात मेंदूत साचणाऱ्या टाऊ प्रथिनाचं जनुक एमएपीटी. एकूण टाऊ, १८१ व्या जागी फॉस्फेट चिकटलेलं पी-टाऊ, २१७ व्या जागचं, २३१ व्या जागचं, सगळं एमएपीटीच्या एकाच क्रमांकावर, ४१३७ वर, येऊन बसतं. तसेच साचणारे ॲमिलॉइड-बीटा ४२ आणि ४० हे प्रथिनखंड, ही दोन्ही एपीपी जनुकाची अपत्यं, त्यामुळे त्यांचंही तसंच. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली. फुजिरेबिओची ही ल्युमिपल्स चाचणी प्लाझ्मातल्या पी-टाऊ २१७ आणि ॲमिलॉइड-बीटा १-४२ यांच्या गुणोत्तरावर चालते. या क्षेत्रातला सगळ्यात पुढे गेलेला बायोमार्कर पबटेटरच्या भाषेत सांगायचा तर "एमएपीटी, एपीपी, अल्झायमर" एवढंच उरतं. हे तर तीस वर्षांपूर्वीही माहीत होतं.

म्हणून संभाव्य मार्करांच्या यादीत पबटेटरने भरलेल्या रकान्यांशेजारी स्वतःचे रकाने लागतातच: प्रथिनाचं नेमकं रूप, कुठला द्रव, वाढ की घट, कोणाच्या तुलनेत, आणि कुठल्या यंत्रावर मोजलं. शिवाय एफडीए आणि एनआयएच यांनी २०१६ मध्ये ठरवलेल्या बायोमार्करच्या सात प्रकारांपैकी तो कुठल्यात बसतो तेही लिहावं. एपीओई ई४ हा जनुकप्रकार धोका सांगतो, निदान करत नाही. एनएफएल (न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन) चेतातंतूंची हानी सांगतो, पण एएलएस, मल्टिपल स्क्लेरोसिस, पक्षाघात, अल्झायमर या सगळ्यांत वाढतो, आणि वयानेही वाढतो. पबटेटरला विचाराल तर प्रत्येक विकाराशी त्याचं नातं दिसेल आणि प्रत्येक नातं खरंही असेल. निदानासाठी मात्र नेमका तोच त्याचा दुबळेपणा.

वापरायचं तर असं

वेबपानावर शोधून पंधरा-वीस पेपर काढणं ठीक. नीट काम करायचं असेल तर एनसीबीआयच्या एफटीपी साठ्यातून नात्यांची फाइल उतरवून घ्यावी. तिच्यात चार रकाने असतात: पेपरचा पीएमआयडी (पबमेडमधला क्रमांक), नात्याचा प्रकार, पहिली गोष्ट, दुसरी गोष्ट. ती एक्सेलमध्ये उघडायला जाऊ नका. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, पुढच्या ओळी कापल्या जातात, आणि एखादी सूचना घाईत बंद केली तर काही गेलंय हे कळतही नाही. आठ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवरही हे काम होतं. फाइल पूर्ण न उलगडता आपल्या विकाराच्या मेश क्रमांकाच्या ओळी 'झेडकॅट' आणि 'ग्रेप' या लिनक्सच्या आज्ञांनी गाळायच्या आणि उरलेला तुकडा पायथनमध्ये किंवा डकडीबी या डेटाबेसमध्ये घ्यायचा.

मग प्रत्येक जनुकासाठी वेगवेगळे पीएमआयडी मोजायचे. ओळी मोजू नका, कारण एकाच पेपरमध्ये त्याच जोडीची दोन-तीन प्रकारची नाती असू शकतात. हा पहिला आकडा समोर आला की निराशा होते: अल्झायमरमध्ये वर एपीपी, एमएपीटी, एपीओई आणि प्रीसेनिलिन, कुठलाही विकार घेतला तरी टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ हजर. ज्यांच्यावर जास्त लिहिलं जातं ते वर येतात. म्हणून अपेक्षित संख्येने भागावं लागतं. समजा एखादं जनुक एकूण ४०० पेपरांत आहे, त्यातले ४० आपल्या विकाराचे, आणि जनुकांची खूण असलेल्या सगळ्या पेपरांत आपल्या विकाराचा वाटा २ टक्के आहे. अपेक्षा ८ ची, सापडले ४०, म्हणजे पाचपट. टीएनएफ समजा १,००,००० पेपरांत आणि त्यातले १,५०० आपल्या विकाराचे. अपेक्षा २,००० ची, म्हणजे पाऊणपट. यादीतला पहिला एकदम खाली जातो. भागताना छेदात अख्खं पबमेड घेऊ नये, किमान एक जनुक असलेले पेपर घ्यावेत. नाहीतर सगळीच गुणोत्तरं फुगतात. या पद्धतीची उलटी खोडही आहे: दोनच पेपर असलेलं एखादं अनोळखी जनुक शेकडो पट दाखवून शिखरावर जाऊन बसतं. पाचपेक्षा कमी पेपर असतील तर वगळा आणि फिशरची अचूक चाचणी (आकडा नुसत्या योगायोगाने आला नाही ना, हे पाहणारी) लावून अनेक तुलनांची दुरुस्ती करा.

आता उरलेले पीएमआयडी पबमेडच्या एका नेमक्या शोधाशी ताडून पाहायचे: शीर्षकात किंवा सारांशात प्लाझ्मा, सीरम किंवा सीएसएफ (मेंदू-मणक्यातला द्रव), समीक्षालेख नकोत, मागे घेतलेले पेपर नकोत. ही शेवटची अट विसरू नये, कारण नात्यांच्या फाइलमध्ये पेपर मागे घेतल्याची नोंद नसते. २००६ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला ॲमिलॉइड-बीटा स्टार ५६ वरचा गाजलेला पेपर जून २०२४ मध्ये मागे घेतला गेला. त्याच्यावर उभे असलेले पेपर तर जागच्या जागी आहेत. रिट्रॅक्शन वॉचची यादी २०२३ पासून क्रॉसरेफकडे आहे आणि सर्वांना खुली आहे. तिच्याशीही एकदा जुळवून घ्यावं.

पबमेडचा एपीआय (स्क्रिप्टने माहिती मागवायची सोय) एका शोधाचे १०,००० च निकाल देतो, तेव्हा मोठा शोध वर्षांप्रमाणे तोडायचा. एपीआय-की (वापरणाऱ्याच्या ओळखीचा सांकेतिक शब्द) नसेल तर सेकंदाला तीन विनंत्या, असेल तर दहा. ती फुकट मिळते. पेपरांचा मजकूर आणि खुणा देणाऱ्या पबटेटरच्या एपीआयची मर्यादा सेकंदाला तीन, आणि एका वेळी १०० पीएमआयडी. लूपमध्ये थांबा न घातल्यास मध्येच त्रुटीचं पान येतं, स्क्रिप्ट तेच पान डेटा समजून साठवते आणि शंभर पेपर गुपचूप गळतात. प्रत्येक गठ्ठ्यानंतर मागितले किती, आले किती, हे छापून घ्या. आणि जूननंतर काम करत असाल तर दर गठ्ठ्याची वेगळी फाइल ठेवा. सत्तरी-सांगे या तालुक्यांकडे पावसात वीज जाणार हे गृहीत धरूनच स्क्रिप्ट लिहावी, म्हणजे ती जिथे थांबली तिथून पुढे सुरू होते.

मजकूर हातात आला की खरी चाळण सुरू होते. विकार, प्रथिन आणि द्रव हे तिन्ही एकाच वाक्यात किंवा लगतच्या दोन वाक्यांत असलेली वाक्यं काढायची. पी-टाऊसाठी शोधाचे साचे स्वतः लिहावे लागतात, कारण लोक ते हव्या त्या पद्धतीने लिहितात: कुठे 'पी-टाऊ २१७', कुठे जोडून, कुठे आकडा कंसात, कुठे नुसतं 'थ्रिओनिन २१७'. इथे सगळ्यात जास्त गळती कशाने होते, तर चिन्हांनी. साधा हायफन, न तुटणारा हायफन आणि लांब डॅश ही डोळ्यांना सारखीच दिसणारी तीन वेगळी अक्षरं आहेत. बीटा कुणी ग्रीक अक्षराने लिहितं, कुणी शब्दाने, आणि कुणी चक्क जर्मन दुहेरी एस वापरतं. आधी सगळे डॅश एक करा, बीटाची सगळी रूपं एक करा, आणि मगच शोध लावा. ही दोन ओळींची स्वच्छता टाळली तर पुढची सगळी आकडेमोड वाया.

लघुरूपांचा घोळ वेगळाच. एडी म्हणजे अल्झायमर, एटोपिक डर्मटायटिस, की ऑटोसोमल डॉमिनंट? पीडी म्हणजे पार्किन्सन की पेरिटोनियल डायलिसिस? एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस की मास स्पेक्ट्रोमेट्री? हे शेवटचं तर प्रोटिओमिक्सच्या एकाच सारांशात दोन्ही अर्थांनी येऊ शकतं. सगळ्यात मासलेवाईक उदाहरण एनएफएलचं. डोक्याला वारंवार मार बसण्याच्या साहित्यात एनएफएल म्हणजे न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन, आणि एनएफएल म्हणजेच अमेरिकेची नॅशनल फुटबॉल लीग, जिच्या माजी खेळाडूंच्या मेंदूंवर हे पेपर लिहिलेले असतात. इंग्रजीत प्रथिनाच्या लघुरूपातलं मधलं अक्षर सहसा लहान असतं, लीगचं मोठं. तेव्हा सगळा मजकूर एकाच अक्षररूपात आणण्याची सवय इथे नडते. पबटेटर संदर्भ पाहून निवाडा करतो आणि बरेचदा बरोबर करतो. तरी असली लघुरूपं असलेले पेपर डोळ्यांखालून घालावेत.

यादी एक्सेलमध्ये न्यावीच लागली तर जनुकाच्या नावाचा रकाना आधी 'मजकूर' म्हणून ठरवा. जुन्या पेपरांतलं 'सेप्ट५' एक्सेलमध्ये पाच सप्टेंबर होऊन बसतं. पार्किन्सनच्या यादीत हे जनुक येण्याची शक्यता असतेच. जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये याच कारणापायी त्याचं नाव सेप्टिन५ केलं, पण छापलेले पेपर कोण बदलणार? क्रमांकाचा रकाना शेवटपर्यंत जवळ ठेवला की ही भीती राहत नाही.

यानंतर हाताची तपासणी. यादीतून १०० वाक्यं सोडतीने निवडा आणि दोघांनी एकमेकांना न विचारता प्रत्येक वाक्यावर शिक्का मारा: खरा बायोमार्कर-दावा, नुसता उल्लेख, की "फरक आढळला नाही". या तिसऱ्या रकान्यात अपेक्षेपेक्षा जास्त वाक्यं पडतात, कारण "पातळीत लक्षणीय फरक नव्हता" या वाक्यातही विकार, प्रथिन आणि द्रव हे तिन्ही असतात. दोघांच्या शिक्क्यांचा कोहेनचा कप्पा (मतं किती जुळतात याचा आकडा) ०.६ च्या खाली गेला तर वाचणाऱ्यांना बोल लावण्याआधी व्याख्या नीट लिहा. १०० पैकी ७० बरोबर निघाले तरी ९५ टक्के विश्वासपट्टा ६० ते ७८ चा असतो, हे थीसिसमध्ये लिहायला लाजू नये. परीक्षक त्या पट्ट्यावर खूश होतात; नुसत्या ७० वर प्रश्न विचारतात.

यंत्र आहे का, ते आधी पाहा

यादीत वर आलेला मार्कर मोजता येईल का, हे पबटेटर सांगणार नाही. प्लाझ्मातलं एनएफएल निरोगी प्रौढात मिलिलिटरला दहा पिकोग्रॅमच्या आसपास असतं. सीएसएफमध्ये ते शेकड्यांत असतं, म्हणून तिथे साधी एलायझा (नेहमीची प्रतिपिंडांवर चालणारी चाचणी) चालते. प्लाझ्मासाठी सिमोआसारखं अतिसंवेदनशील यंत्र लागतं. साध्या एलायझा किटवर प्लाझ्मा एनएफएल मोजायला घेतलं की निम्मे नमुने तळमर्यादेखाली जातात आणि उरलेल्यांत गोंगाट मोजला जातो. किटची ऑर्डर देण्याआधी निवडलेल्या प्रत्येक पेपरच्या पद्धतीच्या विभागात जाऊन यंत्राचं नाव रकान्यात भरा. पूर्ण लेख खुला असेल तर हा शब्दशोधही यंत्राने होतो: सिमोआ, ल्युमिपल्स, मेसोस्केल, एलायझा, मास स्पेक्ट्रोमेट्री. जीएफएपीच्या बाबतीत तर काही अभ्यासांत प्लाझ्मातली पातळी सीएसएफपेक्षा ॲमिलॉइडचा माग जास्त चांगला दाखवते. तेव्हा द्रव आणि यंत्र हे रकाने रिकामे ठेवून चालतच नाही.

पूर्ण लेख मिळवायचे तर १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू आहे: ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, सरकारी संस्थांसाठी. वाचायला ते छान. पण वाचायची मुभा म्हणजे स्क्रिप्ट लावून हजारो पीडीएफ ओढायची मुभा नव्हे. प्रकाशकांच्या सर्व्हरना ते लगेच कळतं आणि बंद होतो तो अख्ख्या संस्थेचा आयपी. यंत्रवाचनासाठी पबमेड सेंट्रलचा खुला भागच वापरावा, बाकीचं हातानेच वाचावं. नीतिसमितीच्या बाबतीत आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सार्वजनिक साहित्यावरच्या अशा कामाला परीक्षणातून सूट मिळू शकते. पण ती सूट समितीने द्यायची असते, म्हणून एक पानी पत्र आधीच टाकून ठेवावं.

भारतीय रुग्णांवरचे पेपर वेगळे काढायचा मोह सगळ्यांना होतो. पत्त्यात 'इंडिया' शोधलं की लेखक भारतीय असलेले पेपर मिळतात, रुग्ण कुठलेही असू शकतात. सारांशात देशाचं वा शहराचं नाव शोधणं त्यातल्या त्यात बरं. उरतात ते थोडे, आणि परदेशी गटांवर ठरवलेली सीमारेषा आपल्याकडच्या रुग्णांना तशीच लावू नये हे त्यांच्याकडे पाहूनच उमगतं.

पर्याय काय आहेत? युरोप पीएमसीच्या खुणा प्रीप्रिंट्सही (परीक्षणाआधी खुले केलेले पेपर) घेतात, म्हणून अगदी ताजं हवं असेल तर तिकडे जावं. नात्यांच्या बाबतीत पबटेटर उजवा. ओपन टार्गेट्स औषधाचं लक्ष्य शोधणाऱ्यांसाठी चांगलं, बायोमार्करसाठी वळसा पडतो. चॅटबॉटला थेट विचारणारे हल्ली बरेच आहेत. तो सफाईदार यादी देतो आणि पीएमआयडीही देतो. त्यातला प्रत्येक पीएमआयडी उघडून पाहा, काहींच्या जागी भलत्याच विषयाचा पेपर निघतो. पबटेटर करणाऱ्यांनीच त्याचा एपीआय जीपीटी-४ ला जोडून पाहिला, तेव्हा उत्तरं जास्त खरी आणि पडताळण्याजोगी आली. जोडायचंच तर असं जोडावं.

नवी, कुणी न लिहिलेली जोडी शोधण्याची हौस असणाऱ्यांसाठी एक जुनी वाट आहे. शिकागो विद्यापीठाच्या डॉन स्वॉन्सन यांनी १९८८ मध्ये मायग्रेन आणि मॅग्नेशियम यांच्यातले अकरा दुर्लक्षित दुवे नुसते पेपर वाचून मांडले. पहिल्या गोष्टीचं दुसरीशी नातं एका पेपरात, दुसरीचं तिसरीशी भलत्याच पेपरात, आणि पहिली-तिसरी कुठेच एकत्र नाहीत, अशी ती रीत. पबटेटरची नात्यांची फाइल स्वतःशीच जोडली की हे एका आज्ञेत होतं. फक्त मधल्या जागी टीएनएफ किंवा ग्लुटाथायोन आलं की जगातलं काहीही कशालाही जोडलं जातं. अशी बहुसंबंधी नावं आधीच वगळावीत.

फाइल दर आठवड्याला बदलते, म्हणून उतरवल्याची तारीख थीसिसच्या पद्धतीच्या विभागात लिहा आणि ती फाइल जपून ठेवा. सहा महिन्यांनी परीक्षकाने तेच मोजलं तर आकडे जुळणार नाहीत, आणि तेव्हा बाजू मांडायला ती तारीख लागते.

साहित्यच तोकडं असेल तर मात्र या खटाटोपात पडू नये. सत्तरीत २०१५ पासून ठाण मांडून बसलेल्या माकडतापाचं पाहा. हा कायसनूर फॉरेस्ट डिसीज १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात सापडला, काही रुग्णांत दुसऱ्या टप्प्यात मेंदूज्वरासारखी लक्षणं दिसतात, आणि कुणाचा आजार तिथवर जाईल हे आधी सांगणारा मार्कर मिळाला तर वाळपईच्या दवाखान्यापासून बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत सगळ्यांना हवाच आहे. पण त्यावरचे पेपर शेकड्यांत मोजण्याइतके. अपेक्षित संख्या, फिशर, गुणोत्तरं यांना तिथे काही अर्थ उरत नाही. शोधचौकटीत विकार निवडा, प्रजातीच्या खुणेवरून उंदीर, माकड आणि गोचीड बाजूला करा, माणसांवरचे उरतील ते छापून घ्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा.